अनुमोदक ताम्हणकर

१९९८ सालच्या मार्च महिन्यात, एका शुक्रवारी सकाळी, दुबईत अल कुसैसमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये वसंत ताम्हणकर यांनी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी एक नाव सुचवलं. त्याआधीच्या वर्षांत त्यांनी मंडळात कधीही काही सुचवलं नव्हतं. ते अनुमोदन द्यायचे.

सभांचा रिवाज वाचकांना माहीत असेल. एक जण ठराव मांडतो, तो सूचक. दुसरा हात वर करून 'माझं अनुमोदन आहे' म्हणतो, तो अनुमोदक. मग टाळ्या, आणि ठराव मंजूर. सूचक व्हायची हौस पुष्कळांना असते. अनुमोदकाला मात्र शोधावं लागतं. लोक पंख्याकडे बघतात, घड्याळाकडे बघतात. आमच्या मंडळावर ही वेळ आली नाही. ठराव मांडणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्या रांगेच्या टोकाला ताम्हणकरांचा हात वर गेलेला असायचा. मागच्या सभेचं इतिवृत्त, हॉलची निवड, कोजागरीचं दूध, नाटकाची तालीम कुणाच्या घरी, सगळ्याला त्यांचं अनुमोदन. ऐकून घेतलं की नाही, असं कुणी चेष्टेने विचारलं तर म्हणायचे, "सुचवणाऱ्याने विचार केलेला असतो. आपण हात वर करायचा."

दुबईत वाढलेली मंडळातली मुलं त्यांना 'सेकंड अंकल' म्हणत. नव्याने आलेल्या एका बाईंनी आपल्या मुलाला विचारलं, "हे सेकंड अंकल कोण रे?" तो म्हणाला, "ममा, अंकल सेकंड्स एव्हरीथिंग." ताम्हणकरांनी ते ऐकलं आणि मान डोलावली. त्यालाही त्यांची हरकत नव्हती.

ते मूळचे मिरजेचे. सत्तरच्या दशकात दुबईला आले आणि एका बांधकाम कंपनीत परचेस ऑफिसर झाले. सळ्या, प्लायवूड, कामगारांच्या कॅम्पसाठी ब्लँकेटं, अशी खरेदी त्यांच्याकडे असे. तिथेही त्यांनी तीन कोटेशनं समोर ठेवायची आणि सही दुसऱ्याने करायची. दुबईच्या करामा भागात ते राहत त्या इमारतीत मी एक मजला खाली राहत होतो. एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो आणि मंडळाचं चार पानी वार्तापत्र काढत असे, म्हणून सभांना हजर असायचो.

गाडी त्यांना येत नसे. ताम्हणकरकाकू एका शाळेत शिकवत आणि गाडीही त्याच चालवत. ताम्हणकर शेजारी बसून म्हणायचे, "वळव डावीकडे, माझं अनुमोदन आहे." काकू सिग्नलवरची नजर न काढता म्हणायच्या, "तुम्ही बोलू नका हो." त्यांच्याकडे एक ठरलेलं वाक्य होतं आणि ते त्या पाहुण्यांसमोर वापरत: "ह्यांनी लग्नालासुद्धा अनुमोदनच दिलं. सुचवलं होतं माझ्या मामांनी."

मंडळाची निवडणूक म्हणजे तोवर निवडणूक नव्हतीच. जानेवारीत कुणाच्या तरी घरी जुन्या मंडळींचं जेवण व्हायचं, श्रीखंड संपेपर्यंत नाव ठरायचं, मार्चच्या सभेत ते मांडलं जायचं आणि ताम्हणकर हात वर करायचे. देशातल्या निवडणुकांत परदेशी राहणाऱ्याला तेव्हा मत नव्हतं. मिरजेच्या यादीतून आपलं नाव कधी गेलं, हे ताम्हणकरांना माहीत नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

त्या जानेवारीत जयंत फणसे त्यांच्या घरी आले. फणसे बँकेत अधिकारी होते, चाळिशीचे, पुण्याहून आलेले. मंडळात ते तसे नवे होते. जुन्या मंडळींनी ठरवलेल्या नावाविरुद्ध आपण उभे राहतोय आणि अर्जावर अनुमोदक म्हणून ताम्हणकरांचं नाव हवं, एवढंच त्यांचं काम होतं. ताम्हणकर "देतो की" म्हणाले. काम संपलं होतं. पण चहा यायचा होता, म्हणून फणसे बोलत बसले.

ते म्हणाले, "काका, आपण गणपती करतो तो कुणाचा? करामातल्यांचा आणि बर दुबईतल्यांचा. सोनापूरच्या कामगार कॅम्पात एवढी आपली माणसं राहतात. महाडची, खेडची, चिपळूणची. त्यांना आपला हॉल कुठे आहे ते माहीत नाही. मी आलो तर एक बस पाठवणार. आणि एक संध्याकाळ त्यांची. खुर्चीवर बसायला नाही बोलवायचं त्यांना. स्टेजवर बोलवायचं."

काकू चहा घेऊन आल्या. फणशांनी अर्ज पुढे केला. ताम्हणकर म्हणाले, "थांबा. अनुमोदन नाही देत."

फणशांनी कप खाली ठेवला.

"नाव मी सुचवतो," ताम्हणकर म्हणाले.

का, ते काकूंना त्या संध्याकाळी कळलं. काही वर्षांपूर्वी ब्लँकेटं पोचली का ते पाहायला ताम्हणकर सोनापूरच्या कॅम्पवर गेले होते. दुबईच्या कडेचा, मुहैस्नाहचा तो भाग. तिथे कामगारांच्या कॅम्पांच्या रांगाच आहेत. एका खोलीतून पेटी आणि पखवाज ऐकू आला. आत दुमजली खाटांच्या मधल्या जागेत कोकणातली पोरं भजन करत बसली होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवेपर्यंत ताम्हणकर दाराबाहेर उभे राहिले. आत गेले नाहीत. हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. काकूंनी विचारलं, "का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "सांगून काय करणार होतो? त्याचं काही करता येईल असं कुणी सुचवलंच नव्हतं."

त्यानंतरचे दोन महिने त्या घरात फोन रिकामा नसे. दुबईत लोकल फोनला पैसे पडत नाहीत, याचा एवढा उपयोग ताम्हणकरांनी आधी केला नव्हता. ऑफिसातून आले, हातपाय धुतले की सभासदांची यादी घेऊन बसायचे.

"ताम्हणकर बोलतोय."

"बोला काका! कशाला अनुमोदन हवंय?"

"ह्या वेळी तुमचं हवंय," असं म्हणून ते फणशांविषयी सुरू करायचे.

करामातल्या भाजीच्या दुकानात ते कढीपत्ता निवडणाऱ्या बायकांशी बोलायचे. लिफ्टमध्ये बोलायचे. लिफ्ट आली तरी दार हाताने धरून बोलायचे, आणि मागचा मल्याळी शेजारी "यल्ला, अंकल, चलो" म्हणेपर्यंत हलायचे नाहीत. एरवी गुरुवारी संध्याकाळी रमी खेळायला येणारे त्यांचे मित्र कुलकर्णी एकदा म्हणाले, "वसंता, या वयात कसला झेंडा धरलायस? तो बँकेतला माणूस आहे. गोड बोलायचा त्याला पगार मिळतो."

"तू त्याला समोर बसून ऐकलंयस का?"

"न ऐकताच शहाणा आहे मी."

"मग पत्ते पिसू नकोस. घरी जा."

कुलकर्णी खरोखरच उठून गेले. चपला घालताना त्यांनी काकूंना विचारलं, "वहिनी, बीपी बघितलंय का ह्याचं?" पुढे निवडणूक होईपर्यंत ते रमीला आले नाहीत.

मुलगी मृणाल बारावीत होती. ती म्हणाली, "बाबा, यू आर इन लव्ह." काकू कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "मला काय सांगतेस? आमच्या साखरपुड्याला हा चेहरा नव्हता."

फणसे बोलायचे ते ताम्हणकरांना खरोखर पटलं होतं, हे नोंदवायला हवं. फणशांचंही तेव्हाचं बोलणं खोटं नव्हतं. दोघे एकदा आमच्या जिन्यात उभे राहून बसचा रस्ता ठरवत होते. कुठून वळायची, पोरांना कुठे उतरवायचं, परतीच्या वेळी जेवणाचे डबे बरोबर द्यायचे का. अजून निवडणूक व्हायची होती.

फेब्रुवारीत ताम्हणकर सोनापूरला गेले. काकूंनी गाडी बाहेर लावली आणि त्या गाडीतच पेपर तपासत बसल्या. मला त्यांनी सोबतीला आत पाठवलं. भजनी मंडळींचा म्होरक्या पांडुरंग शेलार होता. महाडजवळच्या एका वाडीचा, सळ्या बांधणारा, पस्तिशीचा. पेटी तो वाजवायचा आणि गायचाही तोच, म्हणून खोलीत सगळे त्याला बुवा म्हणत. त्याचे वडील गावातल्या भजनाचे बुवा होते. ताम्हणकरांना खाटेवर बसवून बुवा खाली बसला. ताम्हणकरही खाली उतरून बसले.

फणशांनी सांगितलेलं सगळं त्यांनी सांगितलं. बस येईल. स्टेजवर तुमचं भजन होईल. गणपतीतल्या शुक्रवारी, सगळं मंडळ समोर बसलेलं असेल. पोरं एकमेकांकडे बघून हसली. एकाने विचारलं, "माईक असंल का?" ताम्हणकर म्हणाले, "दोन असतील."

बुवा मात्र अवघडून म्हणाला, "साहेब, यंदा माझी सुट्टी गणपतीतच हाय. चार वर्सांनी गणपतीत गावतेय. म्हातारा वाट बघतोय. पेटीशेजारी जागा धरून ठेवतो म्हणालाय."

कोकणातल्या माणसाची गणपतीची सुट्टी काय असते, हे मिरजेच्या माणसालाही माहीत असतं. कंपनी दोन वर्षांनी एकदा सुट्टी देते आणि ती कुठल्या महिन्यात येईल ते कामगाराच्या हातात नसतं. ताम्हणकरांना हे खरेदीखात्यात बसूनही ठाऊक होतं.

ते म्हणाले, "बुवा, गावाला गणपती दरवर्षी येतो. इथे हे पहिल्यांदा होतंय."

बुवाने पेटीच्या भात्यावरून हात फिरवला. "बगतो," म्हणाला. मे महिन्यात त्याने सुट्टी पुढे ढकलली. त्याचं तिकीट माणगावच्या एका सुताराला मिळालं.

मार्चच्या सभेत पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. मतपेटी नव्हती, म्हणून चकलीचा स्टीलचा डबा वापरला. मत सभासदांना होतं, आणि सोनापूरचं कुणी सभासद नव्हतं. ताम्हणकर नाव सुचवायला उठले तेव्हा काही जण सवयीने हसले. ते बोलले मोजकंच: "आजपर्यंत मी तुमच्या सगळ्यांच्या मागे हात वर केला. आज माझ्यामागे एकाने करावा." कुणी आधी हात वर केला ते मला दिसलं नाही, बरेच हात होते. फणसे थोड्या मतांनी निवडून आले. ताम्हणकरांनी त्यांना मिठी मारली तेव्हा त्यांचा चष्मा खाली पडला. तो कुलकर्ण्यांनी उचलून दिला. म्हणाले, "घे. आता तरी नीट बघ." त्या संध्याकाळी रमी पुन्हा सुरू झाली.

नव्या कार्यकारिणीत ताम्हणकर होते. पहिले काही महिने फणशांनी पुष्कळ काम केलं. वाचनालय नियमित उघडू लागलं, मुलांचा मराठीचा वर्ग सुरू झाला. ताम्हणकर प्रत्येक ठरावाला पुन्हा पूर्वीसारखा हात वर करू लागले. आता त्यात आनंद होता. पूर्वी सुचवणाऱ्याने विचार केलेला असतो असं ते मानत. आता त्यांना खात्री होती.

गणपतीच्या तीन आठवडे आधी कार्यकारिणीची बैठक फणशांच्या घरी झाली. फणसेवहिनींनी साबुदाण्याचे वडे केले होते. विषय बरेच होते आणि फणसे भराभर वाचत होते. एका विषयाला त्यांनी सगळ्यांच्या हातात एकेक कागद दिला आणि म्हणाले, "कार्यक्रमपत्रिकेतले बदल सोबतच्या कागदाप्रमाणे मंजूर करावेत, असं मी सुचवतो."

ताम्हणकरांच्या एका हातात बशी होती. कागद बशीखाली होता. त्यांनी दुसरा हात वर केला.

"माझं अनुमोदन."

सगळे हसले, नेहमीसारखे. ठराव मंजूर झाला. पुढचा विषय मूर्तीच्या आगमनाचा होता.

बशी ठेवून त्यांनी कागद वाचला तेव्हा चहा चालू होता. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईच्या एका प्रसिद्ध गायिकेचा कार्यक्रम होता. त्यांना तेवढीच तारीख मोकळी होती. भजनाचं नाव कागदावर कुठेच नव्हतं. हॉलवाल्यांनी माणसांची मर्यादा घातली आहे, तेव्हा बाहेरून बस आणू नये, असं शेवटच्या ओळीत होतं.

ते फणशांजवळ गेले. मी टेबलाच्या त्याच बाजूला होतो.

"जयंतराव, भजन?"

"काका, मला वाटलं तुम्हाला पटलंय. अनुमोदन तुमचंच आहे."

"मी वाचलं नव्हतं."

फणशांनी हातातल्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "बाई पुन्हा येणार नाहीत. सभासद मला रोज विचारतात. पुढच्या वर्षी भजन नक्की. इन्शाल्ला. मी शब्द देतो."

मंडळाच्या नियमाप्रमाणे मंजूर ठराव पुढच्या बैठकीत पुन्हा विचारार्थ मांडता येत असे. पुढची बैठक आठवड्याने होती. ताम्हणकर त्या बैठकीला आले, बसले आणि काही बोलले नाहीत. घरी जाताना काकूंनी गाडीत विचारलं. त्या रात्रीचं बोलणं काकूंनी मला पुष्कळ नंतर सांगितलं.

"का नाही मांडलंत?"

"ज्याच्यासाठी घरोघर फोन केले, त्याच्याविरुद्ध सहा महिन्यांत उभा राहू? लोक काय म्हणतील त्याला?"

"त्याला? आणि बुवाला काय म्हणाल तुम्ही?"



पुढच्या शुक्रवारी आम्ही सोनापूरला गेलो. काकू या वेळी आत आल्या. खोलीत तालीम चालू होती. दारामागे खिळ्यांना इस्त्री केलेले पांढरे सदरे टांगले होते, सगळ्यांचे, एका ओळीत. ताम्हणकर आले म्हणून पोरांनी पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. ताम्हणकरांनी सगळं भजन ऐकलं. संपल्यावर एकाने विचारलं, "साहेब, वेळेत बसतंय ना?" तेव्हा त्यांनी सांगितलं.

 पखवाजवाल्याने पखवाज बाजूला ठेवला.

बुवा म्हणाला, "असू द्या साहेब. कार्येक्रम म्हटला की असं व्हायचंच." मग थोड्या वेळाने, "मग आमी बगायला यायचं का?"

"बस नाही," ताम्हणकर म्हणाले.

"हां. मग ऱ्हाऊ द्या."

त्यांनी आम्हाला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. खोलीत कपबशी एकच होती, ती ताम्हणकरांना दिली. आम्हाला स्टीलचे पेले. ताम्हणकर म्हणाले, "बुवा, ठरावाला अनुमोदन मी दिलं. न वाचता दिलं. चूक फणसेसाहेबांची नाही, माझी आहे." अनुमोदन म्हणजे काय, हे बुवाला समजावून सांगायची वेळ आली. काकूंनी सांगितलं. बुवाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, तुमी काय केलंत? तुमी तर आमाला बोलावलंत."

 परतताना अल कुसैसच्या सिग्नलला काकू म्हणाल्या, "पट्टा लावा." ताम्हणकरांनी पट्टा लावला.

गायिकेचा कार्यक्रम उत्तम झाला. हॉल भरला होता. वार्तापत्रात मी तसंच लिहिलं आणि ते खरं होतं. ताम्हणकर शेवटच्या रांगेत बसले होते. दुसऱ्या रांगेच्या टोकाची खुर्ची रिकामी राहिली.

त्या वर्षी दिवाळीनंतर बुवाचे वडील गेले. बुवाची सुट्टी पुढच्या मे महिन्यात होती. ही बातमी ताम्हणकरांना बुवाकडून कळली नाही. कंपनीच्या स्टोअरमध्ये प्लायवूड उतरवून घेताना एका सुताराने सांगितली. तो माणगावचा, बुवाच्या तिकिटावर गावी जाऊन आलेला सुतार होता. गणपतीत म्हाताऱ्याने पेटीशेजारी कुणाला बसू दिलं नाही, हेही त्यानेच सांगितलं. ताम्हणकर त्या संध्याकाळी ऑफिसातून सरळ माझ्याकडे आले, घरी गेले नाहीत. मला त्यांनी फक्त एक वाक्य सांगितलं: "गावाला गणपती दरवर्षी येतो, असं मी म्हणालो होतो ना?" मी तिथे होतो. मी हो म्हणालो.

फणशांनी शब्द पाळला. १९९९ च्या गणपतीत बस गेली, पोरं आली, स्टेजवर भजन झालं. माईक दोन होते. बुवाच्या वडिलांना अजून वर्ष झालं नव्हतं, म्हणून तो गायला नाही, आलाही नाही. पेटी चिपळूणच्या एका मुलाने वाजवली. भजन चांगलं झालं आणि लोक उठून टाळ्या वाजवत होते. फणशांनी स्टेजवरून ताम्हणकरांचं नाव घेतलं, हे स्वप्न त्यांचं, असं म्हणाले. लोक मागे वळून बघू लागले. ताम्हणकर बाहेर बसजवळ उभे होते, ड्रायव्हरशी बोलत.

त्यानंतर त्यांनी मंडळात अनुमोदन दिलं नाही. सभांना मात्र ते न चुकता यायचे. ठराव मांडला गेला की हात वर करायचे, आणि अध्यक्ष आशेने बघायला लागले की म्हणायचे, "पुन्हा वाचा."

पहिल्यांदा लोक हसले. मग कंटाळले. सतरंज्या धुवायला टाकण्याचा ठरावही दोनदा वाचावा लागे. सभा लांबायच्या, मुलं रडायची, जेवण थंड व्हायचं. कुणीतरी ओरडायचं, "काका, खलास! आता मंजूर करा!" ते उभेच राहायचे. "सोबतच्या कागदाप्रमाणे असेल तर कागदही वाचा." वाचून झालं की खाली बसायचे, बाजूने नाही, विरुद्ध नाही. अनुमोदक आता पुन्हा शोधावा लागत होता. मुलांनी 'सेकंड अंकल' म्हणणं सोडलं नव्हतं, पण ती मोठी होऊन कॉलेजसाठी परदेशी चालली होती आणि नव्या मुलांना ते नाव का पडलं हे माहीत नव्हतं.

फणशांशी ते कधी भांडले नाहीत. फणसे तीनदा अध्यक्ष झाले. तिन्ही वेळा ताम्हणकरांनी त्यांनाच मत दिलं, असं काकू सांगतात. एकदा रमी खेळताना कुलकर्ण्यांनी डिवचलं, "काय रे, उतरला का झेंडा?" ताम्हणकर पानं लावत म्हणाले, "माणूस चांगला आहे. मी त्याच्याकडे बघत होतो तेव्हा कागदाकडे बघायला हवं होतं."  आपली पाळी आहे हे कुलकर्णी विसरले.

सोनापूरला मात्र ताम्हणकर जात राहिले. सुट्टीच्या दिवशी काकू गाडी काढायच्या. ते भजनाच्या वेळी खोलीच्या आत कधी बसले नाहीत. आधीसारखे दाराबाहेर उभे राहायचे. पोरं बोलवायची, "साहेब, आत या की." ते म्हणायचे, "इथून नीट ऐकू येतं."

२००१ मध्ये बुवा कायमचा गावी परतला. पुढच्या वर्षी ताम्हणकर निवृत्त झाले आणि मिरजेला गेले. मंडळाला निरोपसमारंभ करायचा होता. ठरावाचा मसुदा त्यांना आधी दाखवला. त्यात 'मंडळाच्या सर्व उपक्रमांना मनःपूर्वक पाठिंबा' अशी ओळ होती. त्यांनी ती खोडून कागद परत दिला. बाकीचा मजकूर राहू दिला. समारंभ झाला, शाल दिली, फणसे बोलले. उत्तरादाखल ताम्हणकर उठले आणि "जेवण थंड होतंय" म्हणून बसले.

२००३ च्या गणपतीत ते काकूंना घेऊन महाडजवळच्या त्या वाडीवर गेले. आधी कळवलं नव्हतं. पुढचं काकूंनी फोनवर सांगितलेलं आहे. बुवाच्या घरी संध्याकाळचं भजन बसत होतं. बुवाने ताम्हणकरांना पाहिलं, उठून पाया पडला, आणि पेटीशेजारच्या रिकाम्या जागेवर घोंगडी सारखी करून म्हणाला, "बसा साहेब." त्या गणपतीत म्हाताऱ्याने कुणाला बसू न दिलेली ती हीच जागा, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ताम्हणकरही जाणून होते. ते म्हणाले, "नको बुवा." बुवा म्हणाला, "जागा रिकामीच ऱ्हाते. बसा." ते दाराशी बसले. उंबऱ्याच्या आत. भजन आरतीपर्यंत चाललं आणि ते तोवर तिथून उठले नाहीत. निघताना बुवाच्या आईने त्यांना नारळ दिला. गाडी कोकणातून घाटावर चढेपर्यंत तो त्यांच्या मांडीवर होता.

फेब्रुवारी २००४ मध्ये मिरजेत त्यांचं निधन झालं.

मार्चमध्ये, एका शुक्रवारी सकाळी, अल कुसैसमधल्या त्याच शाळेच्या हॉलमध्ये मंडळाची वार्षिक सभा झाली. अध्यक्ष नवे होते. पहिला विषय शोकठरावाचा होता. अध्यक्षांनी तो वाचला.  तिसऱ्या रांगेतून फणसे उभे राहिले आणि म्हणाले, "पुन्हा वाचा."

ठराव पुन्हा वाचला गेला. शोकठरावाला अनुमोदक लागत नाही. सगळे उभे राहिले.